डावी टाच

मला एका जागी उभं राहता येत नाही. बँकेच्या रांगेत नाही, अक्षता पडेपर्यंत मांडवात नाही, गॅसवर दूध तापेपर्यंत ओट्यापाशीसुद्धा नाही. पायाला भिंगरीच आहे. याच पायांनी मला लहानपणी तलवारबाजीत आणलं आणि याच पायांनी माझ्या सगळ्यात गुणी विद्यार्थिनीचं नुकसान केलं.

कोल्हापुरात एका शाळेच्या वरच्या मजल्यावर मी शिकवते. संध्याकाळी तीस पोरांचा गोंधळ असतो आणि सकाळी साडेसहापासून एकेकाचा खासगी तास. या तासात शिकवणाऱ्याचं मुख्य काम मार खाण्याचं. जाड चामड्याचं जाकीट घालून समोर उभं राहायचं, मनगट जरासं उघडं सोडायचं, छाती द्यायची. मुलानं ती संधी हेरून तलवारीचं टोक लावायचं. माझ्या दंडावरचे काळेनिळे डाग बघून शेजारीण एकदा हळूच विचारून गेली, घरी सगळं ठीक आहे ना.

ही मुलगी कागलजवळच्या खेड्यातली. तेरा सरत आलेली, उंच, लांब हातांची. वडील एमआयडीसीत लेथवर काम करायचे. कामाची पाळी कुठलीही असो, तिला मोटरसायकलवर घेऊन यायचे आणि कोपऱ्यात बसून अख्खा तास मोबाईलवर टिपायचे. दोन वर्षं ती संध्याकाळच्या पोरांत न येता सकाळच्या तासाला फक्त माझ्याशीच खेळत होती. तिचा हात इतका स्वच्छ लागायचा, की मार खाताना मला आनंद व्हायचा. ही राज्याच्या संघात जाणारच, असं मी चारचौघांत बोलूनही बसले होते.

निवड चाचणीच्या महिनाभर आधी एक सराव स्पर्धा झाली. त्यात ती पहिल्याच लढतीत हरली. घाबरली म्हणावं तर तसंही नव्हतं. ती नुसती उभी राहिली. तलवार पुढं, नजर खाली, कसली तरी वाट बघत. समोरची अगदी बेताची मुलगी येऊन टोचून जात होती. मी कडेला ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "मॅडम, तुमच्यासंगं तर किती झ्याक खेळती की ही." त्यात टोमणा नव्हता, तरी मला झोंबलं. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. संघात जायची हीच एक संधी होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत जाणार असं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांकडून तासांचे जुने व्हिडिओ मागून घेतले. तिघंही हॉलच्या पायरीवर बसून बघत होतो. मी तिचा हात बघत होते, गुडघा बघत होते, काहीच सापडेना. वडिलांनी मात्र बोट ठेवलं. दिवसभर यंत्रातला केसाएवढा फरक पकडणारा माणूस तो.

"हिच्याकडं नगं मॅडम, तुमच्या डाव्या टाचंकडं बघा. बारीक प्ले हाय तिथं, जरा हलतीया ती."

होता. दर वेळी छाती द्यायच्या आधी माझी मागची टाच बोटभर उचलली जात होती. 'टाच खाली!' म्हणून मी जन्मभर पोरांवर खेकसत आले, आणि माझीच टाच वर. मुलगी म्हणाली, "व्हय की. टाच उचलली की मारायचं. तुम्हीच शिकवलंय की मला तसं."

तिला तो धड्याचाच भाग वाटत होता. मला इतकी शरम वाटली, की मी तिच्यावरच चिडले आणि तास लवकर संपवला.

वडिलांनी कारखान्यातून पत्र्याचा एक फुगीर तुकडा आणला. मी तो टाचेखाली दाबून धरायचा, टाच उचलली की टक्‌ वाजायचा. पहिले चार दिवस माझी टाच नुसती वाजत होती आणि ती मास्कच्या आत खुदुखुदु हसत होती. आठवड्यानं टक्‌ थांबलं, तसं तिचं हसूही थांबलं. आता तिला कधी मारायचं तेच कळेना. मग मी छाती देणंच बंद केलं. ती थांबली की मी टोचायची, पुन्हा थांबली की पुन्हा. एकदा ती मास्कमध्ये रडायला लागली. वडील उठून उभे राहिले, मी त्यांना हातानं बसवलं. त्या दिवशी घरी जाऊन मीही नीट जेवले नाही. चाचणीच्या तीन दिवस आधी तिनं मला पहिल्यांदा, मी खरोखर अडवत असताना, खांद्यावर गाठलं. जाकिटातूनही चांगलंच लागलं.

चाचणीत ती शेवटच्या लढतीपर्यंत पोचली. ती जिंकली तर संघ, नाहीतर काही नाही. तिचे चार आणि समोरचीचे तीन पॉइंट झाले आणि माझ्या लक्षात आलं, की पंचांनी 'तयार?' विचारलं की ती कडेला बघते. माझ्या पायांकडं. मी खाली पाहिलं, तर टाच उचललेली.

मी तिथून निघाले. सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या त्या व्हरांड्यात येऊन येरझारा घालू लागले. आतून पॉइंटचा भोंगा वाजत होता, पण पॉइंट कुणाचा ते कळत नव्हतं. परत आत जावंसं वाटायचं, दारापर्यंत जायची आणि मागं फिरायची. वॉचमन शेवटी वैतागला. "बसा की बाई, फरशी झिजंल!" मी बसले आणि लगेच उठले.

आत टाळ्या वाजल्या. थोड्या वेळानं ती बाहेर आली. केस घामानं चिकटलेले, मास्क काखेत. मागं वडील, नुसती मान हलवत होते. ती संघात आली होती.

मी तिला जवळ घेतलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मी मधेच निघून आले, तर भीती नाही ना वाटली?"

"कुठं गेलतासा?"

"इथं, बाहेर. चार-तीनपासून."

"व्हय? मला ठावंच न्हाई. मग मी समोरचीकडंच बघत हुते."

तिनं माझ्याकडं न बघता खेळावं, हेच तर मला महिनाभर हवं होतं. तरी मला जरा वाईट वाटलं, ते लपवत नाही. तिनं माझ्या हातातली बाटली घेतली आणि गटागटा पाणी प्यायली.