अ‍ॅडजस्ट आणि महानंदाची सही

निपाणीची महानंदा लग्न होऊन बंगळुरात आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं ‘गुड मॉर्निंग’ ऐकलं नसेल तेवढ्यांदा एक इंग्रजी शब्द ऐकला: अ‍ॅडजस्ट. बसमध्ये दोघींच्या सीटवर तिसरी येऊन टेकते आणि वर म्हणते, ‘अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी,’ म्हणजे जरा सांभाळून घ्या. घरमालक पाणी सोडत नाही, तोही तेच म्हणतो. दीर आठ दिवसांसाठी आला आणि दोन वर्षं झाली तरी घरातच आहे, त्यावरही नवऱ्यानं, संग्रामनं, तोंड वर करून तेच सांगितलं. आणि ही बाई दर वेळी सरकली हो!

पण बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसली की हीच बाई नाकावर माशी बसू देत नसे. बेअरिंगच्या रिंगमध्ये गेज, म्हणजे मापाची दांडी, सरळ गेलं तर ठीक, अडकलं तर रिंग बाद, लाल पेटीत. मग कोणी कितीही गयावया करो.

होसकोट्याच्या नव्या कारखान्यात तपासणीप्रमुख नेमायचा होता. महानंदाला ती जागा हवीच होती. तिनंच शिकवलेले दोघे तिच्या पुढे निघून गेले होते, का, तर त्यांना इंग्रजी येतं! या वेळची अट अशी: एक इंग्रजी क्रियापद घ्या, त्याचा अर्थ, मूळ आणि वापर पाच मिनिटं इंग्रजीत सांगा. दहापैकी सात मार्क हवेत. तिनं कोणतं घेतलं, हे काय सांगायला हवं?

परीक्षा घ्यायला मॅनेजर शिवकुमार. महानंदानं सुरुवात केली. अर्थ सांगितला, जुळवून घेणं. मूळ सांगितलं: शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन, आणि तिथं अर्थ ‘जवळ आणणं’. वापर सांगताना बसमधल्या तिघी कशा बसतात ते तिनं खुर्चीवर सरकून सरकून दाखवलं, तेव्हा साहेब पोट धरून हसले.

हसता हसता त्यांनी एक कागद पुढे केला. सकाळी तिनं लाल पेटीत टाकलेल्या चारशे रिंगा पास करण्याचा. ‘ट्रक थांबलाय, अक्का. केसभराचा तर फरक. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, सही करा.’

झालं! मार्कांचं पेन त्यांच्या हातात. तिचा हात सहीला निघालाही होता, एकोणीस वर्षांची सवय ती. मग तिची तिलाच चीड आली. ती कन्नडमध्ये म्हणाली, ‘सर, आत्ताच सांगितलं ना, जवळ आणणं. रिंगा परत घासा, मापाजवळ आणा, मी सही करते. माप मी रिंगेजवळ आणणार नाही.’

शिवकुमारांनी फोन उचलून रिंगा परत मशीनवर चढवायला सांगितल्या आणि कागदावर आकडा लिहिला: नऊ.

‘एक का कापलात?’

‘शेवटचं कन्नडमध्ये बोललात.’

‘मग सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट...’

‘मुळीच नाही,’ साहेब म्हणाले, आणि महानंदा दहा मिळून झाली नसती एवढी खूश झाली.

संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं दिराची बॅग भरली आणि दाराजवळ आणून ठेवली.