गावभर गुळाला मनाई

ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. आंधळगावात आमच्या आळीतल्या जितक्या लोकांना माझ्या लघवीचा रंग ठाऊक होता, तितक्यांना माझं नावही ठाऊक नसेल. याचं सगळं श्रेय माझ्या सासूबाईंना. त्यांना मी मामी म्हणायची.

लग्नानंतर लवकरच मला मधुमेह निघाला आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेणं नशिबी आलं. काचेची सिरिंज मी उकळायची, सुई मीच टोचायची. पण साखर तपासायचं खातं मामींनी स्वतःकडे घेतलं. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं, तर भरपूर. मामी अंगणात बसून नळी उन्हात धरायच्या आणि निकाल खड्या आवाजात जाहीर करायच्या. कुंपणापलीकडून शेजारीण विचारायची, "आज कोणता रंग आला, काकू?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे माझा गळा सुजला, हात कापायला लागले, अंग वाळत चाललं. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतोय, म्हणून साखरही आवरत नाही. त्यांनी थायरॉईडच्या गोळ्या दिल्या, इन्सुलिन वाढवलं आणि बजावलं, "महिन्यानं नक्की या. गोळ्या लागू पडल्या की इन्सुलिन कमी करावं लागेल. मध्येच घाम सुटला, थरथर झाली, तर ताबडतोब साखर द्या."

मामी सोबत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा डॉक्टर साखर खाऊ नको म्हणते, अन् साखर खाय बी म्हणते. यानं आधी काय ते ठरवून घ्याव ना!"

त्यांचं स्वतःचं मात्र ठरलेलं होतं. घरातली साखर कपाटात कुलूपबंद झाली आणि किल्ली त्यांच्या कमरेला गेली. गूळ शेजारीपाजारी वाटून टाकला. समोरच्या दुकानदाराला ताकीद मिळाली, "माह्या सुनेले गोडाचा खडा बी द्यायचा नाही." आणि मला एकटीला फिक्का चहा नको म्हणून त्या स्वतःही बिनसाखरेचा प्यायला लागल्या. प्रत्येक घोटाला तोंड असं वाकडं करायच्या की माझा चहा त्यातच गोड व्हायचा.

दोनेक महिन्यांत लाल रंग गेला, मग हिरवा गेला. रोज सकाळी नळी निळीच्या निळी. "पाह्य, कुलपाचा गुण!" मामी आळीभर सांगत सुटल्या. गोळ्यांचं कोणी नावही काढेना. भंडाऱ्याला जायचं राहिलं ते राहिलंच, कारण रोवणी, म्हणजे भाताची लावणी, लागली होती. धानाची रोवणी सुरू झाली की आमच्याकडे आजारानंही कापणीपर्यंत थांबावं अशी अपेक्षा असते. इन्सुलिन मी पूर्वीइतकंच टोचत होते.

एका दुपारी मामींचं आणि रोवणाऱ्या बायांचं जेवण बांधीवर, धानाच्या शेतात, पोचवून घरी आले. माझं जेवण व्हायचं होतं. दारातच दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटू लागले, जीभ जड झाली. हे काय ते मला कळलं. पण कपाटाला कुलूप, आणि किल्ली मामींबरोबर चिखलात! तशीच समोरच्या दुकानात गेले.

"भाऊ, गूळ द्या. लवकर."

"काकूनं मना केलं हाये, वहिनी."

मी ओरडले, रडले, त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं हात जोडले. "गोड सोडून काय बी मागा." दोन बाया धावत आल्या, मला पायरीवर बसवून पदरानं वारा घालू लागल्या. "बिचारीले गोडाची लय याद येऊन राहिली," एक म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. माझा जीव चालला होता आणि अख्खी आळी मला वाचवत होती.

कोणीतरी बांधीवर पळालं. मामी आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलात. दुकानदार छाती फुगवून म्हणाला, "लय मांगतला, काकू, पण मी देल्ला नाही!"

मामींनी माझा घामानं भिजलेला चेहरा पाहिला. डॉक्टरांचं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं असावं. चिखलाच्या हातांनीच त्यांनी दुकानातल्या गुळाच्या भेलीचा तुकडा फोडला आणि माझ्या तोंडात घातला. "चाव. चाव ना वं माय!"

"पण काकू, तुम्हीच तं..."

"मीच सांगतलं होतं. आता मीच देऊन राहिली. पाणी आण!"

दुसऱ्या दिवशी रोवणी सोडून मामी मला घेऊन भंडाऱ्याच्या बसमध्ये बसल्या. डॉक्टरांनी इन्सुलिन बरंच कमी केलं. थायरॉईड ताळ्यावर आला, आता जुनं माप जास्त होतंय, म्हणाले.

"म्हणजे निळं वाईट?" मामींनी विचारलं.

"चांगलंच. पण साखर नको तितकी खाली गेली तरी नळी निळीच दिसते."

घरी येताच मामींनी कुलूप काढलं, दुकानदाराची ताकीद मागे घेतली आणि लुगड्याच्या पदराला गुळाच्या खड्याची गाठ मारली. मुंग्या लागायच्या, मामी त्यांना शिव्या घालत झटकायच्या, पण गाठ सुटली नाही. चहा मात्र फिक्काच राहिला. मला त्यांचा राग यायचा तो तेव्हापासून कायमचा गेला.

काही वर्षांनी मामी अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवशी वाचाही गेली होती. मी सकाळपासून उशाशी बसून होते; दुपार टळली तरी जेवायलाही उठले नव्हते. त्यांची बोटं पदराशी चाळवत होती. पांघरूण नको असेल म्हणून मी सारखं करायला वाकले, तर त्या गाठ सोडायला बघत होत्या. त्यांना जमेना, म्हणून मी सोडली. त्यांनी खडा माझ्याकडे सरकवला आणि ओठ हलवले. आवाज फुटला नाही, पण शब्द मला कळला.

मी त्यांच्यासमोर तो चावून खाल्ला.