कोच ठेवायचा की काढायचा

वांगी भाजायला माझ्याकडे दिली आणि माझ्याबद्दल ठरवायला ते बसले.

फैजपूरच्या अलीकडे क्लबच्या अध्यक्षांचं केळीचं शेत आहे. हिवाळ्यातला रविवार, सकाळचे अकरा. निरोप फोनवर आला होता. बैठकीचा विषय एकच, मुख्य प्रशिक्षक बदलायचा की नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणजे मी. जळगावचा आमचा पगारी फुटबॉल संघ, लीगमध्ये सलग पाच सामने हरलेला. बैठक व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती ऑफिसात न होता शेतात होती, त्याचंही नवल नाही. थंडी पडली की आमच्याकडे कुठलंही मोठं बोलणं भरीत पार्टीतच होतं. सोयरीक असो, नाहीतर निवडणूक.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. काखेत फाइल. आठवडाभर खपून केलेला रिपोर्ट होता तो. कोण किती पळालं, गोल कुठून खाल्ले, कोणाचा गुडघा दुखावलाय, पुढे काय बदलायचं. माझी चूकही त्यात लिहिली होती. धुळ्याच्या सामन्यात आम्ही एका गोलनं पुढे होतो. मी घाबरलो आणि सगळा संघ मागे ओढला. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. चूक माझी, शंभर टक्के माझी. कोणी विचारायच्या आधी मीच सांगणार होतो.

आंब्याखाली सतरंजी अंथरलेली. अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, लोडाला टेकलेले. बाजूला क्लबचे सचिव, वकीलसाहेब. आणखी चार-पाच जण. मी बूट काढायला वाकलो तोच आबा म्हणाले, "ये रे भिकाच्या. तिकडे जाळ केला आहे पाह्य. तुह्या बापासारखे वांगे कोनी भाजे नही. तुले बी जमत असीन."

भिका माझ्या बापाचं नाव. माझं नाव आबांना माहीत आहे. करारावर आहे, त्याखाली त्यांची सही आहे.

बाप याच शेतात केळीचे घड वाहायचा. खांद्यावर घेऊन, बांधापासून ट्रकपर्यंत. केळीच्या चिकाचे काळे डाग त्याच्या एकूण एक सदऱ्यावर होते, आई दगडावर घासून घासून थकायची. हिवाळ्यात पार्टी असली की वांगी भाजायला त्यालाच बसवायचे. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी मोठी वांगी, उलटवायची हातानंच. मी ते बघत मोठा झालो. म्हणून मला येतं.

आता जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी नाही म्हणालो नाही. "हो आबा" म्हणालो. फाइल बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या आणि जाळाशी उकिडवा बसलो. मला कोणी ढकललं नाही. कोणी दरडावलं नाही. पंधरा वर्षं खेळलो, सात वर्षं शिकवतोय, परीक्षा देऊन परवाना मिळवलाय. मी शिट्टी वाजवली की पंचवीस गडी जागच्या जागी थांबतात. आणि एका हाकेत मी बापाच्या जागेवर जाऊन बसलो.

सतरंजी दहा पावलांवर होती. सगळं ऐकू येत होतं. हळू बोलावं, असं त्यांच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

"गोव्याचा एक जण तयार आहे," वकीलसाहेब म्हणाले. "इंग्रजी फाडफाड बोलतो. टीव्हीवर बरा दिसेल."

एक जण म्हणाला, तो इथल्या उन्हाळ्यात टिकायचा नाही, मे महिन्यात पळून जाईल. दुसरा म्हणाला, हा गावचा आहे, हक्काचा आहे. तिसऱ्याचं म्हणणं, गावचा आहे हीच तर पंचाईत, बाहेर नाव सांगितलं तर कोण ओळखतं याला. बराच वेळ असं चाललं. पाच सामने का हरलो, हे एकानंही विचारलं नाही. चेंडू हा शब्दसुद्धा कोणाच्या तोंडातून निघाला नाही. जणू ट्रॅक्टर विकायचा की ठेवायचा हे ठरत होतं.

मी वांगी उलटवत होतो. बोटं भाजत होती, ते कळत होतं, पण लागत नव्हतं. राग आला नाही. रडू आलं नाही. नंतर बायकोनं विचारलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? मी खूप आठवून पाहिलं. काहीच वाटलं नव्हतं. धूर डोळ्यात जात होता, तेवढं आठवतं.

वांगी झाली. सोलायला घेतली तर साली टाकायला काही नव्हतं. वकीलसाहेबांनी लांबूनच पाहिलं. "ती फाइल कसली आहे रे? त्यातले काढ दोन-चार कागद."

"साहेब, रिपोर्ट आहे. बैठकीसाठी आणलाय."

"अरे, बैठक तर होऊन राहिली. आता जेवायच्या वेळी कोण वाचतं?"

सगळे हसले. मीही हसलो. मग मी माझ्या हातानं चार कागद काढले आणि मातीवर पसरले. धुळ्याच्या सामन्याचं पान सगळ्यात वर आलं. त्यावर जळक्या साली पडत गेल्या, वांग्याचं पाणी पसरत गेलं. माझी चूक जिथं लिहिली होती ती ओळ काळी झाली.

तेवढ्यात आबांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं भो. यालेच ठेवू. नवा मानूस आला की त्याचे नखरे सांभाळा. हा आपला आहे, सांगितलं ते ऐकतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् पाह्य, पुढच्या मॅचपासून टीमची यादी माह्या बंगल्यावरून येईन. रोहन पुढे खेळीन, पूर्ण नव्वद मिनिटं. तू पोरं फक्त पळव."

रोहन आबांचा पुतण्या. पाय चांगला आहे त्याचा, उगाच खोटं कशाला बोलू. पण चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. मागे धावणं त्याला ठाऊक नाही. पाचपैकी चार सामन्यांत आबांचा फोन आला म्हणून मी त्याला खेळवलं होतं. हेही रिपोर्टात होतं, दुसऱ्या पानावर. ते पान सालींखाली होतं.

"भरीत बी झकास करतो," कोणीतरी म्हणालं.

म्हणजे माझी नोकरी वाचली होती. बायकोला फोन करून सांगावं, असंही मनात आलं नाही. मी मिरच्या, लसूण, कांद्याची पात घालून भरीत कालवलं, त्यांच्याकडे पाठवलं. पंगत बसली. सतरंजीवर मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. विहिरीजवळ पंपाच्या मोटारीची खोली आहे. तिच्या सावलीत गाड्यांचे ड्रायव्हर जेवत होते, त्यांच्यात जाऊन बसलो.

आमच्या बसचे ड्रायव्हर सुकदेवभाऊ तिथं होते. दोंडाईच्याचे, साठीला आलेले. प्रत्येक सामना कठड्याला टेकून उभ्यानं बघतात. त्यांनी माझ्या पानात पुऱ्या वाढल्या आणि थांबले.

"सर, तुम्ही आठे का बठनात? तुम्ही ते कोच शेतस."

"इथं चालतं भाऊ," मी म्हणालो.

"तुमले चालस," ते म्हणाले. "मंग पोरेसनी काय करानं?"



आमच्याकडे नरडाण्याचा एक स्ट्रायकर आहे. बावीस वर्षांचा. सरावाला सगळ्यात आधी येतो आणि सामन्याला बाकावर बसतो, कारण त्याच्या जागेवर रोहन असतो. दर वेळी मी त्याला सांगतो, थांब, तुझी वेळ येईल. तो म्हणतो, "हो सर." तो कसा म्हणतो ते मला त्या वेळी ऐकू आलं. मी आबांना म्हणालो होतो, अगदी तसं. मान खाली, आवाज खाली. त्याला डाव्या पायानं मारायला मी शिकवलं आणि हे हो म्हणणंही मीच शिकवलं. माझ्या बापानं निदान मला ते शिकवलं नव्हतं, मी नुसतं बघून उचललं. मी तर पगार घेऊन शिकवत होतो. त्या क्षणी मला माझी किळस आली.

उठलो. हात धुतले. जाळाजवळ जाऊन कागदांवरच्या साली झटकल्या, चारही कागद फाइलमध्ये ठेवले. मग सतरंजीपाशी गेलो आणि बूट न काढता उभा राहिलो.

"आबा, टीम मी ठरवणार. रोहन पुढच्या मॅचला बाकावर बसेल."

जेवणारे हात थांबले. वकीलसाहेब म्हणाले, "अरे, आत्ताच तर तुला ठेवलं."

"मला बदलायचं तर बदला साहेब. पाच मॅच हरलोय, कारण आहे तुमच्याकडे. त्यातली एक तर माझ्याच चुकीनं गेली. पण ऑफिसात बसा. मला खुर्ची द्या. हे वाचा, मग विचारा. आणि काढलं तर का काढलं, ते कागदावर लिहून द्या."

आबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या बापानं कधी असं तोंड वर केलं नही."

"नाही केलं," मी म्हणालो.

एवढंच झालं.   आत सगळं सुन्नच होतं. मोटारसायकल काढली आणि घरी आलो.

बाप ओट्यावर बसला होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आबा काय म्हणाले तेही. मग विचारलं, "वांगे कोनी भाजले?"

"मी."

तो खांद्यावरचा घट्टा चोळत राहिला, घड वाहून पडलेला. "म्या भाजले ना रे इतके वर्षं," म्हणाला, आणि उठून आत गेला. 

आज मंगळवार. वकीलसाहेबांचा दोनदा फोन आला. राजीनामा दे, मानानं जा, गोव्याच्या माणसाशी बोलणं झालंय. मी सांगितलं, राजीनामा देणार नाही. तुम्हाला काढायचं आहे, तुम्ही काढा.

उद्या सामना आहे. खेळाडूंच्या खोलीच्या दारावर यादी लावून आलो. अकरा नावं, खाली माझी सही. नऊ नंबरला नरडाण्याचा पोरगा. त्यानं यादी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि "हो सर" म्हणायला तोंड उघडलं. मी म्हणालो, हो म्हणू नकोस, खेळ.

उद्या जिंकलो तरी मला काढतील, हरलो तर काढतीलच. काढू देत. पण त्यांना कागद काढावा लागेल, त्यावर माझं नाव लिहावं लागेल, भिकाचा पोरगा नाही. नावापुढे कारण लिहावं लागेल. ते खोटं असलं तर मी चारचौघांत वाचून दाखवणार, आणि शेजारी हे चार डागाळलेले कागद ठेवणार. ते मी पुसलेले नाहीत. आणि यापुढे कोणाच्याही शेतात, कोणाच्याही हाकेला, वांगी भाजायला मी बसणार नाही.