पहिल्या पानावरून रस्ता नाही

अक्का धुळ्याच्या सासरहून परत आली त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले. घरात एकाच वेळी दोन मुली बसल्या, एक लग्न मोडून आलेली आणि एक लग्नाची. आमचे वडील नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन जळगावात घर बांधून राहिले होते. घर लहान, त्यामुळे कोणाचा सुस्कारा कोणापासून लपत नसे.

अक्काला मूल झालं नाही म्हणून पाठवून दिलं होतं. तपासण्या झाल्या त्या फक्त तिच्या. तिच्यात दोष नाही असं सांगून डॉक्टर आता नवऱ्याची तपासणी करा म्हणाले, तर तो दवाखान्यातून उठून चालता झाला. पुढे सासऱ्यांनी वकिलाकडून कागद पाठवले. नाना तिला म्हणाले, "सही करून टाक. कोर्टात उभं राहून आणखी शोभा नको." तिने सही केली.

त्यानंतर पुण्याच्या एका स्थळाने माझ्याबद्दल कळवलं, मुलगी बरी आहे पण कॉम्प्युटर झालेला नाही. नानांनी लगेच मला बसस्टँडजवळच्या क्लासात घातलं. तेव्हा मी वेब पेज बनवायला शिकले ती ज्ञानाच्या ओढीने वगैरे नाही. शिवण, केक आणि कॉम्प्युटर, या क्रमाने मुली तयार करायची तेव्हा पद्धत होती.

क्लासात चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, एका मशीनवर दोघी. इंटरनेट मात्र नव्हतं. सर म्हणायचे, "इंटरनेट आहे असं समजा." आम्ही समजायचो. नोटपॅडमध्ये ओळी लिहायच्या, फाइल फ्लॉपीवर ठेवायची, आणि ब्राउझरमध्ये उघडायची. उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, बंद करायचा, हे सर इतक्या वेळा सांगत की घरी कढईवर झाकण ठेवतानाही मला ते आठवे. माझ्या पहिल्या पानाला गुलाबी रंग होता आणि मधोमध ठळक अक्षरांत माझं नाव. मी लिहिलेल्या ओळी एका बाजूला आणि त्यांतून उमटलेलं पान दुसऱ्या बाजूला. कॉलेजात एवढी प्रॅक्टिकलं केली, पण असा आनंद कधी झाला नव्हता. तो आनंद खरा होता. पुढे जे झालं त्यानेही तो खोटा ठरत नाही.

अक्कालाही यायचं होतं. नाना म्हणाले, "तू शिकून काय करणार? कोणाला दाखवायचंय?" दुपारी मी घरी आले की मात्र ती म्हणायची, "आज काय झालं, सांग." मग मी कागदावर टॅग लिहून दाखवायचे. तिने उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण मॅटीच्या कापडावर घरं मोजून भरतकाम करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. टेबल म्हणजे आडव्या ओळी आणि उभी घरं, हे सांगितल्यावर तिने ट्रंकेतून आलेख कागद काढले आणि पेन्सिलीने पानं आखायला घेतली. डावीकडे अरुंद पट्टी, वर मथळा, मध्ये चौकटी. "इथली दोन घरं एक करता येतील का?" ती विचारायची. मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारून यायचे. सर मला म्हणाले, तुझी पानं सगळ्यांत नीट असतात. मी सांगितलं की आखणी माझ्या बहिणीची आहे. "मग त्यांना का आणत नाही?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, घरी काम असतं.

त्या दिवाळीनंतर आबा आमच्या घरी आले. आबा म्हणजे नानांचे लांबचे चुलतभाऊ, धुळ्याला त्यांचं कापसाचं जिनिंग, आणि आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ दरवर्षी धुळ्यात वधू-वर मेळावा भरवत असे. या वेळी मुलामुलींची माहिती इंटरनेटवर टाकायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"पोर, तुना हातनं हाई व्हई का?" त्यांनी मला अहिराणीत विचारलं, म्हणजे हे माझ्या हातून होईल का. "बठ्ठा समाज देखी. अमेरिकामाबी देखी." सगळा समाज ते बघेल, असं त्यांचं म्हणणं.

मी हो म्हटलं. अक्का दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आबांनी तिच्याकडे न बघता कप उचलला.

ते गेल्यावर अक्का म्हणाली, "नाना, माझाही फॉर्म भरायचाय."

आई पदराने डोळे पुसायला लागली. नानांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणायचं ते म्हणून बसलेत. मला पुन्हा संसार करायचाय," अक्का म्हणाली. तिने फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरला. घटस्फोटित असं स्पष्ट लिहिलं. छंदात भरतकाम आणि वाचन लिहिलं, आणि अपेक्षेच्या रकान्यात एवढंच, की माणूस बोलणारा असावा.

सगळी साइट अक्काने आलेख कागदावर आखली. वर मंडळाचं नाव, खाली 'वर' आणि 'वधू' अशा दोन लिंका, आणि आबांच्या हट्टापायी पानाच्या तळाशी सरकत जाणारी स्वागताची ओळ. मराठी अक्षरं दुसऱ्या मशीनवर उघडली की त्यांची किडामुंगीसारखी गिचमिड व्हायची, म्हणून सगळं इंग्रजीत लिहावं लागलं. गव्हाळ वर्णाला इंग्रजी शब्द सापडला, गृहकृत्यदक्षला सापडेना. मंडळाने फॉर्मांची पिशवी पाठवली आणि मी रोज क्लासात बसून मुलींची उंची आणि रंग टाइप करत राहिले.

अर्धी पिशवी संपली तेव्हा अक्काच्या नवऱ्याचा फॉर्म निघाला. खाली त्याच्या वडिलांची सही होती, ते मंडळाचे खजिनदार होते. त्यात लिहिलं होतं, निर्दोष घटस्फोटित. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. तो निर्दोष, म्हणजे दोष कोणाचा हे वेगळं लिहायची गरजच नव्हती.

मी तो फॉर्म घरी आणायला नको होता, पण आणला. अक्काने हातात घेऊन फोटो पाहिला. म्हणाली, "हा आमच्या लग्नातला फोटो आहे. मला कापून टाकलंय. खांद्यावर माझ्या शेल्याचं टोक राहिलंय बघ."

दोन दिवसांनी आबांचा फोन आला. सोडलेल्या आणि विधवा मुलींसाठी त्यांना वेगळं पान हवं होतं. "लोके पहिलं पान देखतस. त्यावर ह्या पोरी नकोत. शुभ काम शे."

मी विचारलं, "आणि घटस्फोटित मुलगे?"

"त्या राहू दे वरसमा," म्हणजे इतर वरांमध्येच. आणि खजिनदारांच्या मुलापुढचं 'निर्दोष घटस्फोटित'ही काढून टाक, असं त्यांनी सांगितलं. "पोऱ्याले काय लागस?" मुलाला कसला डाग लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मी नानांना म्हटलं, हे काम मी सोडते. नाना म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय अजून. मंडळाशी वाकडं घेऊन कुठे जाशील?" अक्का म्हणाली, "सोडू नको. पान वेगळं तर वेगळं. लिंक टाक म्हणजे झालं." तिला लिंक ही फार न्यायाची गोष्ट वाटत होती. ज्याला यायचं असेल तो दाबेल आणि येईल.

मी तसं केलं. वेगळं पान बनवलं, आणि पहिल्या पानावर 'वर', 'वधू' यांच्या खाली तिसरी लिंक टाकली, तशीच इंग्रजी अक्षरांत, 'पुनर्विवाह'. सरांनी त्यांच्या घरच्या फोनवरून इंटरनेट जोडून, फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर सगळ्या फाइली चढवल्या. पासवर्ड त्यांच्याकडेच होता.

मेळाव्याला मी आणि नाना गेलो. अक्का आली नाही. धुळ्याच्या एका मंगल कार्यालयात सरांनी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमधून आणला होता आणि मंडपात टीव्हीला जोडला होता. उद्घाटनाआधी आबा आणि खजिनदार पाहायला आले. तिसऱ्या लिंकेवर आबांचं बोट थांबलं.

"हाई काय शे?"

मी सांगितलं. म्हटलं, "आबा, पान तुम्हीच करायला सांगितलं होतं."

"पान शे ना? मग ऱ्हाऊ दे पान. आठेतून रस्ता कसाले?" म्हणजे पहिल्या पानावरून तिकडे जायला वाट कशाला.

खजिनदार सरांना शुद्ध मराठीत म्हणाले, "ते काढता येईल ना आत्ता?" सर माझ्याकडे बघेनात. त्यांना मंडळाच्या ओळखीने धुळ्यात दुसरा क्लास काढायचा होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी नोटपॅड उघडलं, एक ओळ निवडली आणि पुसली. आम्हाला शिकवताना ते सांगायचे, की ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही ते असून नसल्यासारखं. मी मध्ये पडून म्हटलं, "सर, ती माझ्या बहिणीची..." आणि नानांनी माझा दंड धरला. एवढ्या लोकांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

सरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. मला माइकवर 'आपल्या अमुकरावांची कन्या' म्हणून ब्लाउजपीस मिळाला. अक्काचा नवरा पुढच्या रांगेत बसला होता. टीव्हीवर त्याचा फोटो आला तेव्हा मागच्या बायका म्हणाल्या, मुलगा देखणा आहे. घरी आल्यावर अक्काने एवढंच विचारलं, "डावीकडची पट्टी टीव्हीवर कापली तर नाही गेली?" मी नाही म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. ती ऐकत भाजी निवडत राहिली.

काही महिन्यांनी जळगावात सायबर कॅफे निघाला. अक्का मला म्हणाली, "मला ते पान बघायचंय." प्लायवूडच्या खोक्यात आम्ही दोघी एका खुर्चीवर बसलो. मी अक्काच्या पानाचा पत्ता हाताने, अक्षर अक्षर टाइप केला. सरांनी इंटरनेटवरच्या फाइलीतूनही लिंक पुसली होती, पान मात्र तिथेच होतं. हळूहळू वरून खाली उमटत गेलं. अक्काने स्वतःची माहिती वाचली. तिच्याखाली इतर मुलींची होती, पारोळ्याची एक विधवा शिक्षिका, सोनगीरची एक, पाचोऱ्याची एक. त्यांनाही घरी कोणीतरी सांगितलं असणार, की तुझी माहिती इंटरनेटवर आहे, आता बघू.

"या वाट बघत असतील," अक्का म्हणाली. "आपण यांना सांगायचं का?"

आम्ही पोस्टकार्डं पाठवली. पारोळ्याच्या शिक्षिकेचं उत्तर आलं. तिने आभार मानले होते आणि पुन्हा पत्र पाठवू नये अशी विनंती केली होती, कारण तिच्या सासऱ्यांनी कार्ड आधी वाचलं होतं.

अक्काने मला त्या पानावरून तिचं स्वतःचं नाव काढून टाकायला सांगितलं. मी सरांकडे पासवर्ड मागायला गेले. ते म्हणाले, तो आता मंडळाकडे आहे. मंडळात कोणाला पासवर्ड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. ना ते पान कोणाला दिसत होतं, ना ते पुसता येत होतं. अक्काच्या नवऱ्याचं लग्न त्या मे महिन्यात झालं, साइट पाहूनच जमलं असं आबा सगळ्यांना सांगत.

माझंही त्या साइटवरूनच जमलं. नाशिकच्या लोकांनी वधूंच्या यादीत माझा फोटो पाहिला, आणि ती पानं मीच बनवली हे कळल्यावर त्यांना फारच कौतुक वाटलं. सासूबाई आजही आल्यागेल्याला सांगतात. लग्नानंतर मी एकही पान बनवलं नाही. घरात कॉम्प्युटर आला, तो मुलांसाठी.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला मी अक्काला हाक मारली. मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "तिला नको बोलावू, तिलाच बरं वाटायचं नाही." अक्का तोवर दारापर्यंत आली होती. तिने ते ऐकलं. हातातली हळदीची वाटी तिने शेजारच्या काकूंच्या हातात दिली आणि वळली. तिच्या मागे जायला मी पाटावरून उठले, तर चार बायकांनी मला खांदे धरून खाली बसवलं.