डबा खाली ठेवा

सुलभाताई उजागरे चौतीस वर्षं लखनौत राहतात, आणि त्यांचं हिंदी अजून श्रीरामपूर स्टेशनातच उभं आहे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. एकदा कपूरथला चौराह्यावर एका ई-रिक्षावाल्यावर त्या भडकल्या आणि म्हणाल्या, "देखो भैया, अब हमको राग आ रहा है." तो पडला लखनौचा. मान झुकवून म्हणाला, "तो सुनाइए, माताजी." ताईंचा राग तिथेच गेला, आणि उतरताना त्यांनी पिशवीतले दोन पेरू काढून त्याच्या हातावर ठेवले.

मी दिनकर जोशी. मूळचा साताऱ्याचा, रेल्वेत पुलांचा इंजिनियर होतो. नोकरीभर पुलांमधल्या चुका शोधल्या, आणि आता पूल उरले नाहीत म्हणून माणसांच्या शोधतो, असं माझी बायको विभा म्हणते. सुलभाताईंचं हिंदी सुधारायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचे यजमान निरंजन उजागरे हवाई दलात होते. शेवटची बदली लखनौजवळच्या बक्षी का तालाबला झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी अलीगंजमध्ये आमच्याच गल्लीत घर बांधलं. सात वर्षांपूर्वी ते गेले. आता ताई गावाकडे जातील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "गावाकडे माझं कोण आहे, भाऊ? इथे निदान चर्चची चावी माझ्याकडे आहे."

चावी खरोखरच त्यांच्याकडे असते. चर्च म्हणजे कोपऱ्यावरची पिवळी, बसकी इमारत. मागे एक खोली, खोलीत दोन शेगड्या आणि मोठी पातेली. रोज सकाळी ताई आणि आणखी तिघी तिथे बारा डबे भरतात आणि दुपारच्या आत ते आसपासच्या घरांत पोचवतात. कुणी आजारी, कुणी बाळंतीण, कुणी एकटं. मंडळी कुठल्या धर्माची, हे कुणी विचारत नाही. डबे ताईंनी अमीनाबादहून एकदम घेतले, तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, घरात लग्न कुणाचं आहे?

हे सुरू कसं झालं ते त्यांनीच मला सांगितलं. "घरातलं माणूस गेलं की पहिले पंधरा दिवस इतकं जेवण येतं, की ठेवायला जागा नसते. मग पाहुणे जातात. सोळाव्या दिवशी कुणी विचारत नाही, जेवलात का म्हणून. आणि भूक तर सोळाव्या दिवशी लागते, भाऊ." म्हणून त्यांचा डबा पाहुणे गेल्यानंतर सुरू होतो. आधी नाही.

मी सरळ माणूस, पोटात काही ठेवत नाही. पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "ताई, डब्याबरोबर धर्म वगैरे देता की काय?" त्या जराही रागावल्या नाहीत. "भाऊ, आठवड्यातून तीनदा आमच्याकडे लौकी असते, म्हणजे आपला दुधी. लौकी बघून लोक पळून जातात हो. धर्मात कुठे यायला बसलेत?"

पुढे विभाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि आमच्याकडेही अकरा दिवस तोच डबा आला. पहिल्या दिवशी मी डबा विसळून परत द्यायला निघालो, तर आतल्या खोलीतून विभाचा आवाज, "रिकामा डबा देऊ नका हं." घरात मला फक्त साखर सापडली. अकरा दिवस मी मूठमूठ साखर घालून डबा परत केला. ताई नंतर म्हणाल्या, चर्चच्या चहाची महिनाभराची सोय झाली. विभा हिंडूफिरू लागली तशी तिने मला माझ्या स्कूटरसकट चर्चच्या दारात नेऊन उभं केलं. तेव्हापासून मी डबे पोचवतो. ताई मागे बसतात, कारण लोकांच्या हातात डबा आपल्याच हाताने द्यायचा, असा त्यांचा नियम आहे.

गेल्या हिवाळ्यात ताईंच्या यादीत सक्सेना मास्टरसाहब आले. मागच्या गल्लीत राहतात. पस्तीस वर्षं मुलांना हिंदी शिकवलं, अजूनही वाणसामानाची यादी छापल्यासारख्या अक्षरात लिहितात. त्यांची पत्नी दिवाळीनंतर गेली. मुलगी महिनाभर राहिली आणि बेंगळुरूला परतली. त्यानंतर मास्टरसाहब एक दिवस दुधाच्या दुकानासमोर चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आजार काही नाही, पोटात काही नाही. दूधवाला म्हणाला, तीन आठवडे फक्त चहा आणि बिस्किटांवर आहेत.

आम्ही डबा घेऊन गेलो. दार अर्धं उघडलं. स्वेटर अंगात लोंबत होता, पण बोलणं इस्त्रीचं. "शुक्रिया, बहनजी. हमारा इंतज़ाम है." दार बंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, नको तर नको, आपण कशाला नसती उठाठेव करायची? ताई परतताना स्कूटरवर म्हणाल्या, "भाऊ, हा माणूस माझ्या शेजारी उपाशी मेला, तर रविवारी चर्चमध्ये मी कुठल्या तोंडाने उभी राहू?"  त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी धुकं असं की हाताला हात दिसत नव्हता. ताईंचा गुडघा दुखत होता, डबा गरम होता, आणि मास्टरसाहबांच्या दाराला पाच पायऱ्या. मी फाटकाशी स्कूटर धरून उभा. दार उघडलं, मास्टरसाहबांनी "शुक्रिया" म्हणायला तोंड उघडलं, आणि ताईंच्या संयमाचा बांध फुटला. "बहस नहीं, मास्टरसाहब. डब्बा खाली रखो, बस. और कुछ नहीं करने का."

त्यांना म्हणायचं होतं, हात भाजतोय, डबा जमिनीवर ठेवून घ्या.

मास्टरसाहब थबकले.  मग त्यांनी हात जोडले, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी डबा फाटकावर टांगलेला मिळाला. घासूनपुसून लख्ख, आणि आत घडी केलेली चिठ्ठी. "आपकी आज्ञानुसार, खाली."

चर्चच्या खोलीत चौघी बायका ती चिठ्ठी उलटसुलट करून बघत होत्या. तिघींना ताई दारात काय बोलल्या ते माहीत नव्हतं, आणि ताईंना हिंदीतलं खाली माहीत नव्हतं. शेवटी मलाच सांगावं लागलं की हिंदीत खाली म्हणजे रिकामा. ताईंनी त्यांना डबा रिकामा ठेवायला सांगितलंय. ताई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसायची वेळ आली. "असू दे. खाल्लं ना त्यांनी?" खाल्लं होतं. त्या दिवसापासून रोज खात होते. तिसऱ्या आठवड्यात तर "लौकी में मूँगफली का प्रयोग रोचक था" अशी चिठ्ठी आली, आणि ताईंनी शेंगदाण्याचं कूट दुप्पट केलं.

आता माझा भाग. तो सांगायला मला आवडत नाही.

एके दिवशी ताईंना ताप होता, म्हणून मी एकटाच डबा घेऊन गेलो. मास्टरसाहबांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "जोशी साहब, एक बात कहें? हमारी श्रीमतीजी ने इकतालीस साल में किसी का बर्तन खाली नहीं लौटाया. कुछ न हो तो गुड़ की डली. हमें तो कुछ बनाना आता नहीं. लेते तो लौटाते क्या? इसीलिए मना करते रहे. पर बहनजी बिना कहे समझ गईं. बोलीं, डब्बा खाली रखो, और कुछ नहीं करने का." त्यांचे डोळे भरून आले होते.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पाणी पिऊन निघायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. चूक समोर दिसली की मला ती सुधारल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "नहीं, मास्टरसाहब, असल में मराठी में खाली का मतलब नीचे होता है. उनका हाथ जल रहा था." आणि हसलो. मला वाटलं, भाषेचा माणूस, गंमत वाटेल.

ते हसले नाहीत. "अच्छा," म्हणाले. "अच्छा."

दुसऱ्या दिवशी दार अर्धंच उघडलं. "हमारा इंतज़ाम हो गया है." तिसऱ्या दिवशीही तेच. मी तीनदा माफी मागितली. त्यांनी तिन्ही वेळा "अरे साहब, कैसी बात करते हैं" म्हणून मला पाणी दिलं आणि डबा घेतला नाही. दूधवाल्याने सांगितलं, पुन्हा बिस्किटं सुरू झाली आहेत.

घरी विभाने विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का खालीचा अर्थ?" कुणीच विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण.  चर्चच्या खोलीत सुलभाताईंनी माझ्यासमोर लसणाची परात सरकवली. मी लसूण सोलत बसलो. मला खरंच वाईट वाटत होतं. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "भाऊ, मी तसं म्हटलं नव्हतं. पण तसं म्हणायला हवं होतं ना? मला का नाही सुचलं?" मग पुन्हा पोळ्या लाटू लागल्या.

शनिवार हा चर्चच्या खोलीत तहरीचा दिवस. तहरी म्हणजे इकडचा मसालेभात, हिवाळ्यात मटार घालून करतात. मटार सोलायला सगळ्यांच्या जिवावर येतं. त्या शनिवारी सकाळी आठलाच ताई माझ्या फाटकात उभ्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मटारची गच्च भरलेली पिशवी. "चला, मास्टरसाहबांकडे." मी म्हटलं, ते घेणार नाहीत. "स्कूटर काढा," त्या म्हणाल्या.

ताई पाच पायऱ्या चढल्या. मी खालीच राहिलो, तोंड मिटून. दार अर्धं उघडलं.

"मास्टरसाहब," ताई म्हणाल्या, आणि मी बघितलं, त्या एकेक शब्द जुळवून बोलत होत्या. बहुधा रात्रभर पाठ केलं असावं. "आज डब्बा सच्ची में खाली है. देखो." त्यांनी झाकण उघडून दाखवलं. "और ये मटर है. हमारे उधर हाथ कम हैं. ग्यारह बजे तक भर के दो. बारा घर का खाना इसके लिए अटका है."

मास्टरसाहबांनी रिकाम्या डब्यात डोकावून बघितलं. मग पिशवीत. मग माझ्याकडे, आणि मी स्कूटरच्या आरशाकडे बघायला लागलो. "ग्यारह बजे?" त्यांनी विचारलं.

"ग्यारह."

दार बंद झालं, पण डबा आणि पिशवी आत गेली होती.

चर्चच्या खोलीत लसूण सोलता सोलता मी अकरापर्यंत चारदा घड्याळ बघितलं. विभा तांदूळ धूत होती, ताई कांदा परतत होत्या. अकराला पाच कमी असताना चर्चच्या मागच्या दारात मास्टरसाहब उभे राहिले. दाढी केलेली, मफलर नीट गुंडाळलेला. हातातला डबा मटारने इतका भरला होता की झाकण बसत नव्हतं, आणि उरलेले दाणे त्यांनी स्वच्छ रुमालात बांधून आणले होते. जिन्यावरून उतरताना माणूस जपून पाऊल टाकतो तसे ते डबा सांभाळत आत आले.

"लीजिए, बहनजी. भरा हुआ."

 ताईंनी डबा घेतला, गडबडीत चटई झटकली, भिंतीशी अंथरली, आणि चौतीस वर्षांचं सगळं हिंदी विसरून म्हणाल्या, "आइए ना, आइए. इधर खाली बैठिए."

 विभाने माझ्याकडे असं बघितलं, की मी परातीतला लसूण घट्ट धरला.

मास्टरसाहबांनी चपला काढल्या. चटईवर मांडी घातली. समोर न सोललेल्या मटारचं दुसरं ताट होतं, ते स्वतःकडे ओढलं आणि पहिली शेंग फोडली.

"खाली तो हम बहुत बैठ लिए, बहनजी," ते म्हणाले. "अब काम दीजिए."

ताई हसल्या आणि त्याबरोबर रडल्याही, आणि कांदा करपला. ताईंना त्याचा अर्थ किती कळला, मला माहीत नाही. मला दोन्ही भाषांतला नीट कळला होता, आणि तो मी कुणालाही सांगितला नाही. मान खाली घालून लसूण सोलत राहिलो.