ताटाभोवतीचे पाणी

तुर्कस्तानातील एका खेड्यात माझा स्नेही हसन मला घरी जेवायला घेऊन गेला. सवयीने मी ताटाभोवती पाणी फिरवले आणि चित्राहुती म्हणून भाताची शिते बाहेर ठेवली. त्याच्या आईचा चेहरा कठोर झाला.

“याला काय वाटलं, मी विष कालवलंय?” ती म्हणाली. हसनने ओशाळून मला तिच्या बोलण्याचा अर्थ सांगितला.

“अन्नाला नमस्कार केला, आई,” मी हसनकरवी म्हणालो.

तिने आपला चमचा माझ्या ताटात घालून एक घास खाल्ला आणि ताट माझ्याकडे ढकलले. “जेव आता.”

त्या उष्ट्या भाताशी माझा हात थबकला. तिने ते पाहिले. कृतज्ञतेचे म्हणून जपलेले ते पाण्याचे वर्तुळ मी एरवीही माणसांना बाहेर ठेवण्यासाठीच आखत आलो असेन काय?

मी घास उचलला, तोवर ती पाठ फिरवून उठून गेली होती.