ताईंच्या दोन ओळी

ऑफिसात त्यांना सगळे 'नाहीताई' म्हणत. सही मागितली की त्यांचं पहिलं उत्तर 'नाही', म्हणून हे नाव मीच पाडलं होतं. विमानाच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो आणि त्या तपासायच्या. लिहिणाऱ्यानं तपासायचं नाही, तपासणाऱ्यानं लिहायचं नाही, हा नियम. बावीस वर्षांत त्यांनी सही केलेल्या कामात एकही चूक निघाली नव्हती. त्यांना त्याचा भारी तोरा होता आणि आम्हाला त्या तोऱ्याचा राग.

मग साहेबांनी नवी पद्धत आणली. वर्षभराचं काम एकदम न करता दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं पुरं करायचं. भिंतीवर फळा, फळ्यावर चिठ्ठ्या, शेवटचा रकाना 'झालं'. ताईंनी नाक मुरडलं. "विमानही थोडं थोडंच उडवणार का?" पण त्यांची खुर्ची माझ्याशेजारी आली, आणि एरवी वर्षाअखेरीला सापडणाऱ्या चुका त्याच दुपारी सापडू लागल्या. बाई खुलल्या. चहासुद्धा आमच्यात प्यायला लागल्या.

एकदा मी अडलो. चाकाचा एक सेन्सर गप्प झाला तर काय करायचं? ताई स्क्रीनकडे वाकल्या. "अरे, दुसऱ्यावर विसंबायचं. लिही." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. दोनच ओळी.

शुक्रवारी सगळ्या चाचण्या पास झाल्या. सोमवारी हे सॉफ्टवेअर विमानात जायचं होतं, फक्त सही बाकी होती. ताईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"यातल्या दोन ओळी माझ्या आहेत. मला सही करता येणार नाही."

"अहो, कुणाला कळणार आहे?" साहेब म्हणाले. मीही ताईंकडे बघत कपाळावर हात मारून घेतला.

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, याला करू दिली असती का सही?"

तारीख दोन आठवडे पुढे गेली. साहेब त्यांच्याशी बोलेनात. दुसऱ्या विभागातून तपासनीस आला आणि चौथ्या दिवशी त्यानं चूक काढली. गप्प झालेला सेन्सर मध्येच जागा झाला, की धावपट्टीवर भर वेगात ब्रेक अर्धा सेकंद सुटत होता. चूक ताईंच्याच ओळीत होती.

ताईंचा चेहरा उतरला. मला माझीच लाज वाटली. ताईंनी सही केली असती, तर सोमवारी विमान या चुकीसकट उडालं असतं. त्या उठल्या, एका चिठ्ठीवर 'चूक माझी' लिहिलं, खाली ठसठशीत सही केली आणि ती फळ्यावर लावली.

पुढे चूक दुरुस्त झाली, सॉफ्टवेअर विमानात गेलं, फळा रिकामा झाला. उरलेली ती 'चूक माझी'ची एक चिठ्ठी काढायला मी हात पुढे केला, तर मागून आवाज आला, "नाही."